ओळख परेडला बोलावलंय, पण चेहरा खरंच आठवतोय का तेच कळत नाहीये

सायलीचीआई

नमस्कार सगळ्यांना. थोडं मोठं लिहितेय, समजून घ्या.

तीन महिन्यांपूर्वी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मुलीला क्लासहून आणायला चालत निघाले होते. मागून बाईक आली, मागे बसलेल्याने गळ्यातलं गंठण हिसकलं आणि गेले. साडेतीन तोळ्यांचं, सासूबाईंनी घातलेलं. मान सोलवटली, मी पडले, गुडघा फुटला. त्या ओढाओढीत त्याच्या तोंडावरचा रुमाल खाली आला आणि चेहरा मी बघितला. बघितला म्हणजे दोन सेकंद असेल, फार तर तीन. फिर्यादीत लिहिलंय की "पुन्हा समोर आल्यास मी त्यास ओळखेन". हे मी आपणहून म्हणाले की हवालदारांनी विचारलं आणि मी हो म्हणाले, तेसुद्धा आता नक्की सांगता येत नाही.

वीसेक दिवसांनी पोलीस स्टेशनातून फोन आला, दोघं सापडलेत, येऊन जा. गेले तर एका साहेबांनी मोबाईलवर फोटो दाखवून विचारलं, हाच ना? मी म्हणलं असाच वाटतोय. आता पत्र आलंय, पुढच्या आठवड्यात जेलमध्ये ओळख परेड आहे, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून त्याला ओळखायचं.

गंमत अशी नाही की मला काही आठवत नाही. उलट चेहरा आता अगदी स्पष्ट दिसतो, त्या संध्याकाळपेक्षाही स्पष्ट, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागलीये. मिस्टर म्हणतात तू ओळखलं नाहीस तर सुटतील, एवढं कशाला डोक्याला लावून घेतेस, तोच आहे. पण चुकीच्या पोरावर बोट ठेवलं तर? आणि "नक्की सांगता येत नाही" असं म्हणलं तर चालतं का, की मलाच काही त्रास होईल? माणसाची आठवण कितपत खरी असते याचा कोर्ट काही विचार करतं का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

काळाकोट

ताई, आधी ते "ओळखलं नाही तर सुटतील" डोक्यातून काढून टाका. चौदा वर्षं जिल्हा कोर्टात आहे, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा असतो म्हणून सांगतो. चेन स्नॅचिंगच्या केसमध्ये खरा दणका बसतो तो मालाचा. आरोपीने स्वतः सांगून सोनाराकडून गंठण किंवा त्याची लगड काढून दिली तर ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली पुराव्यात येतं (१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यात ते कलम २३ मध्ये गेलं). शिवाय सीसीटीव्ही आहे, बाईक आहे, टॉवर लोकेशन आहे. सगळी केस तुमच्या दोन सेकंदांवर उभी असेल तर तो तपासाचा कमकुवतपणा, तुमचा दोष नाही.

दुसरं, परेडमधली ओळख हा मुळात ठोस पुरावा धरतच नाहीत. ठोस पुरावा म्हणजे तुम्ही कोर्टात शपथेवर केलेली ओळख, परेड तिला फक्त दुजोरा देते. मग परेड घ्यायचीच कशाला? तर कोर्टात आरोपी कुठे बसतो ते सगळ्यांना दिसतं, तिथे बोट दाखवायला आठवण लागतच नाही. १९७९ च्या कानन विरुद्ध केरळ या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हणलंय की अनोळखी आरोपीला आधी परेड न घेता साक्षीदाराने पहिल्यांदा थेट कोर्टात ओळखलं तर त्या ओळखीला किंमत नाही. नंतर २००३ मध्ये मलखानसिंगच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की परेड झाली नाही एवढ्यावरून साक्ष फेकून देता येत नाही, प्रत्येक केस बघून ठरवायचं. म्हणजे आठवण कितपत खरी हा प्रश्न कोर्टाला चांगलाच माहितीये. भाषा कायद्याची असते इतकंच.

आणि फोटोचं. आरोपीचा वकील उलटतपासात हेच पहिलं विचारणार, "परेडआधी तुम्हाला फोटो दाखवला होता हे खरं आहे का?" मी पण विचारतो. अशिलाच्या फायद्यासाठी विचारतो हे खरं, पण प्रश्न खोटा नसतो. दाखवला होता तर दाखवला होता म्हणा. न ओळखणं हा गुन्हा नाही. शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगणं हा आहे.

कट्टा_सातारा

सगळे आरोपीचीच काळजी करा. माझ्या आत्याची चेन अशीच गेली, चार वर्षं तारखा, शेवटी वकिलाने अंधार होता का, चष्मा होता का, किती फुटांवरून बघितलं असलं विचारून विचारून तिला रडवलं आणि दोघंही सुटले. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढली होती हो. ज्याच्यावर प्रसंग येतो तो चेहरा विसरत नसतो, हे मी आत्याकडे बघून सांगतोय. ताई, तुमच्या मनाने एकदा कौल दिलाय ना, मग डगमगू नका.

मानसविद्या

सायलीची आई, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि दरवर्षी साक्षीदारांच्या स्मृतीवर चार-पाच तास घेते, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुमचं ते "त्या संध्याकाळपेक्षाही स्पष्ट" हे वाक्य इतकं नेमकं आहे की मी ते उद्या वर्गात सांगणार आहे, चालेल ना?

आठवण ही कपाटात ठेवलेल्या साडीसारखी नसते, की घडी मोडली तर आतून जशीच्या तशी निघेल. प्रत्येक वेळी काढताना ती आपण नव्याने विणतो आणि तेव्हा हाताशी जो दोरा असेल तोही त्यात जातो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग फार प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातला एक शब्द बदलला. गाड्या "चक्काचूर होऊन आदळल्या तेव्हा" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल, "एकमेकींना लागल्या तेव्हा" असं विचारलं तर ३१.८. दुसऱ्या एका गटाला आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी "आदळल्या" ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना काच दिसली होती, साधा "धडकल्या" शब्द ऐकलेल्यांत ५० पैकी ७. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आता तुम्हाला विचारलेला प्रश्न बघा, एकच फोटो आणि "हाच ना?" यात काच आयतीच फोडून दिलीये.

दुसरं म्हणजे खात्री. गॅरी वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये लोकांना सीसीटीव्हीसारखं फुटेज दाखवलं आणि नंतर पाच-सहा फोटोंतून माणूस निवडायला सांगितलं. फोटोंत तो माणूस ठेवलेलाच नव्हता, म्हणजे जो निवडेल तो चुकणारच. त्यातल्या काहींना नुसतं म्हणलं, छान, संशयिताला बरोबर ओळखलंत. बस, एवढ्यावर त्या लोकांची खात्री तर वाढलीच, पण आपण फुटेज किती नीट बघितलं, चेहरा किती चांगला दिसला होता, हेही ते जास्त ठासून सांगायला लागले. कौतुकाच्या एका शब्दाने मागची आठवण बदलली. आणि कोर्टात आपण साक्षीदाराची खात्री बघूनच विश्वास ठेवतो, नाही का.

कट्टा, तुमच्या आत्यांना ज्या पद्धतीने विचारलं ते वाचून वाईट वाटलं, खरंच. बाईला रडवून सत्य बाहेर येतं असं कुठलंही मानसशास्त्र सांगत नाही, उलट घाबरलेला माणूस सुसंगत सांगूच शकत नाही. पण "प्रसंग येतो तो चेहरा विसरत नाही" याबद्दल एक खरी केस सांगते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८४ मध्ये एका तरुणीवर घरात घुसून बलात्कार झाला. ती इतकी धीराची की अत्याचार चालू असताना तिने मुद्दाम चेहरा निरखला, वाचले तर याला ओळखायचंच म्हणून. दोन सेकंद नाही, कितीतरी मिनिटं. पोलिसांनी फोटो दाखवले, तिने रोनाल्ड कॉटन नावाच्या तरुणाचा निवडला, मग प्रत्यक्ष परेडमध्येही त्यालाच निवडलं. फोटोंत आणि परेडमध्ये, दोन्हीकडे असलेला एकटा तोच होता! १९८७ मध्ये पुन्हा खटला चालला तेव्हा खरा गुन्हेगार, बॉबी पूल, कोर्टात तिच्यासमोर आणून उभा केला, तर ती म्हणाली याला मी कधी बघितलेलंच नाही. १९९५ मध्ये डीएनएने कॉटन निर्दोष ठरला. साडेदहा वर्षं तो आत होता. ती बाई खोटारडी नव्हती, फोटो बघितल्यापासून तिच्या मनातला चेहराच कॉटनचा झाला होता. पुढे दोघांनी मिळून यावर गावोगाव भाषणं दिली.

अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या निर्दोष लोकांची नोंद इनोसन्स प्रोजेक्ट ही संस्था ठेवते, त्यातल्या साधारण ६९ टक्के केसेसमध्ये प्रत्यक्षदर्शीने चुकीचा माणूस ओळखला होता.

आता दुसरी बाजू, कारण आठवण म्हणजे सगळा कचरा असं मला अजिबात म्हणायचं नाही. कॅनडात बंदुकीच्या दुकानासमोर भर दुपारी गोळीबार झाला होता. त्यातल्या १३ साक्षीदारांना युइल आणि कटशॉल या संशोधकांनी चार-पाच महिन्यांनी पुन्हा विचारलं (पेपर १९८६ चा), तर बहुतेकांना बारीकसारीक गोष्टीही बरोबर आठवत होत्या आणि मुद्दाम दिशाभूल करणारे प्रश्न विचारूनही ते फारसे हलले नाहीत. त्यामुळे तुमची आठवण खोटीच आहे असं मी म्हणत नाहीये ताई. फोटोच्या आधीचं काय आणि नंतरचं काय हे वेगळं करणं अवघड झालंय, एवढंच.

नायबकाका

नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने बऱ्याच परेड घेतल्या, त्यामुळे दोन शब्द लिहितो.

लोकांना वाटतं रांग लावली, बोट दाखवलं, झालं. तसं नसतं. उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली आहे. एक आरोपी असेल तर किमान सहा डमी, दोन असतील तर दहा-बारा, आणि ते वयाने, बांध्याने, रंगाने मिळतेजुळते पाहिजेत. दोन पंच, तेही स्वतंत्र. आरोपीला विचारायचं, तुला कुठे उभं राहायचं ते तू ठरव, कपडे बदलायचे तर बदल. एक साक्षीदार झाला की त्याला दुसऱ्यांना भेटू द्यायचं नाही, आणि आरोपीला पुन्हा जागा बदलायची मुभा. गालावर व्रण असेल तर त्या जागी सगळ्यांनाच चिकटपट्टी. मी एकदा जेलच्या दवाखान्यातून पट्टीचा रोल मागवून आठ जणांच्या डाव्या गालाला स्वतः लावली आहे, कारण साक्षीदार चेहरा सोडून व्रणच शोधतो. आणि पोलीस तिथे नजरेलाही पडता कामा नये. १९५५ साली रामकिशन विरुद्ध मुंबई राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितलं आहे, पोलिसांच्या समोर केलेली ओळख म्हणजे पोलिसांना दिलेला जबाबच धरला जातो. तुमच्या परेडला तपासाचे साहेब आत उभे दिसले तर तुम्ही विचारू शकता.

पण मानसविद्या मॅडमनी लिहिलेलं वाचून एक जुनी गोष्ट आठवली ती सांगतो. एका परेडला म्हाताऱ्या आजी होत्या, घरफोडीची केस. आजी रांगेकडे बघतच नव्हत्या. एकेका माणसासमोर थांबायच्या आणि मागे वळून माझ्या तोंडाकडे बघायच्या. मला पोलिसांच्या पत्रामुळे आरोपी कोण ते माहीत होतं. मी काही बोललो नाही, मान हलवली नाही, तरी आजी बरोबर त्याच्यापुढेच थांबल्या आणि म्हणाल्या हाच. मी पंचनामा लिहिला, पण त्या रात्री झोप लागली नाही. त्यांनी त्याला ओळखला की मला वाचला? त्यानंतर प्रत्येक परेडला मी साक्षीदाराच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, पंचांनाही तसंच उभं करायचो. शिपाई हसायचे. आणि "शाब्बास" म्हणायची सवय होती मला, साक्षीदार घाबरलेले असतात म्हणून धीर द्यायला, ती मात्र शेवटपर्यंत राहिली. आज कळलं त्याने काय होत असेल.

मानसविद्या

काका, तुम्ही जे केलंत त्यासाठीच बाहेर नियम केलेत! परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण ते माहीत नसावं, असं न्यू जर्सी राज्याने २००१ मध्ये सूचना काढून सांगितलं. आपल्याकडे अजून तशी सक्ती नाही, आणि व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. फार खर्चाचं काम नाही ते, दुसऱ्या तालुक्याचा अधिकारी आणा आणि पत्रात आरोपीचं नाव बंद पाकिटात द्या.

अजून एक, ही चूक करायला साक्षीदार अडाणीच लागतो असं नाही. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हे हार्वर्डचे मानसशास्त्राचे प्राध्यापक, साक्षीदारांच्या चुकांवर लिहिणारे पहिल्या पिढीतले. शंभरावर वर्षं झाली या गोष्टीला. त्यांच्या स्वतःच्या घरी चोरी झाली आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की चोर तळघराच्या खिडकीतून आले आणि घड्याळ कागदात गुंडाळून ठेवलं होतं. नंतर कळलं दार फोडलं होतं आणि घड्याळ टेबलक्लॉथमध्ये होतं.

सायलीचीआई

सगळ्यांचे मनापासून आभार. रडले वाचताना, खरं सांगते. मग आता मी परेडला जाऊन नेमकं करू काय? आणि फोटोचं कुणाला सांगू, तिथे सांगितलं तर ते साहेब चिडतील का?

काळाकोट

परेड सुरू व्हायच्या आधी दंडाधिकाऱ्यांना सांगा, शांतपणे, की मला अमुक सुमारास मोबाईलवर एक फोटो दाखवला होता, हे कृपया लिहून घ्या. तो त्यांच्या पंचनाम्यात आला की झालं. पुढे पुरवणी जबाबातही सांगू शकता. कोणी साहेब चिडले तर चिडू द्या, ते आत नसणारच आहेत. अटकेनंतर परेडला इतका उशीर का लागला याचं उत्तरही पोलिसांनाच द्यायचंय, तुम्हाला नाही.

मानसविद्या

आजच, कुणाशी न बोलता, एका वहीत त्या संध्याकाळचं लिहून काढा. चेहऱ्यापासून सुरू करू नका. क्लासच्या गल्लीपासून करा, हवा कशी होती, कुठला वास, पायात काय होतं, बाईकचा आवाज कुठून आला, मग जमलं तर उलट क्रमाने पण. तपासात साक्षीदाराला असंच बोलतं करायची एक पद्धत आहे, फिशर आणि गाइसलमन यांची, त्यात मध्ये कुणी तोडत नाही आणि अंदाजही करायला लावत नाही. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिहा. मिस्टरांना दाखवू नका, परेड होईपर्यंत तरी. आणि परेडमध्ये हे लक्षात ठेवा की तो रांगेत असेलच असं नाही. आपलं मन काय करतं, की सात जणांत त्यातल्या त्यात जवळचा कोण ते शोधतं. तुम्हाला जवळचा शोधायचा नाहीये, तो दिसला तर ओळखायचाय.

कट्टा_सातारा

माझी आत्या फिर्यादीत उंच सडपातळ म्हणाली होती आणि पकडलेले दोघंही बुटके होते. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत कधी कुणाला बोललो नव्हतो. असो. ताई, जमेल तसं खरं सांगून या.

सायलीचीआई

परेड झाली, काल. लिहायचं होतंच.

जेलच्या गेटवर मोबाईल आणि पर्स ठेवून घेतली, एका खोलीत एकटीला अर्धा तास बसवलं. तहसीलदार मॅडम होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. मी आधीच फोटोचं सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं, कधी, कुणी, किती फोटो, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. चिडलं कुणीच नाही.

रांगेत सात जण होते. वहीत मी लिहिलं होतं की त्याच्या दातांत मध्ये फट होती, हे मला लिहितानाच आठवलं, फिर्यादीत नव्हतंच. मॅडमना विचारलं की सगळ्यांना दात दाखवायला सांगाल का, त्यांनी सातही जणांना सांगितलं. फट दोघांना होती, तीन नंबरला आणि सहा नंबरला. आणि फोटोतला पोरगा पाच नंबरला उभा होता, त्याला मी बघताक्षणी ओळखलं. पण त्याच्याकडे बघितल्यावर मला रस्ता नाही आठवला हो, गुडघा नाही की गंठण नाही. स्टेशनातलं टेबल आठवलं, मोबाईलची तडा गेलेली काच आणि त्यावर साहेबांचा अंगठा. दोनदा रांगेवरून गेले, दोन्ही वेळेस तेच. मॅडम खरंच माझ्या मागे उभ्या होत्या, काका, भिंतीकडे बघून नाही पण खाली कागदाकडे बघत होत्या.

मी सांगितलं की पाच नंबरच्या माणसाचा फोटो मला दाखवला होता, त्या संध्याकाळचा माणूस तोच की नाही हे मी सांगू शकत नाही. मॅडमनी माझ्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. रिक्षात मिस्टर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले दातांचं मला कधी सांगितलं नव्हतंस. मी म्हणलं मलाच माहीत नव्हतं.

काळाकोट, दातांचं आता पुरवणी जबाबात देता येईल का, की उशीर झाला? सोमवारी स्टेशनला जायचा विचार आहे, वही बरोबर नेऊ का?